भूलसेवा : साऱ्या रुग्णालयाची जबाबदारी

शस्त्रक्रिया यशस्वी झाली की नातेवाईक शल्यचिकित्सकाचे आभार मानतात. तेवढा वेळ रुग्णाचा श्वास, नाडी आणि रक्तदाब सांभाळणारा भूलतज्ज्ञ मात्र क्वचितच कोणाला आठवतो. सर्वसामान्यांचे हे अज्ञान समजण्यासारखे आहे. परंतु डॉक्टर, परिचारिका आणि अन्य आरोग्य कर्मचारी यांनाही भूलसेवेची पुरेशी माहिती नसेल, तर त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते. भूल म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वीचे एक इंजेक्शन, हा समज रुग्णालयातूनच प्रथम नाहीसा व्हायला हवा.

भिलाईचे उदाहरण

छत्तीसगडमधील भिलाई येथे 4 फेब्रुवारी 1959 रोजी पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्यासोबत वसाहत उभी राहिली आणि सेक्टर 9 मध्ये जवाहरलाल नेहरू रुग्णालय विकसित झाले. पोलादनगरीत भूलतज्ज्ञाचे काम केवळ शस्त्रक्रियागृहापुरते का राहू शकत नाही, हे येथे घडलेल्या दोन दुर्घटनांवरून समजते.

12 जून 2014 रोजी कारखान्यात विषारी वायूची गळती होऊन सहा जणांचा मृत्यू झाला. झोतभट्टीच्या वायूत कार्बन मोनॉक्साइड मोठ्या प्रमाणात असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कितीतरी अधिक घट्ट चिकटतो. अशा रुग्णाच्या बोटाला नेहमीचे पल्स ऑक्सिमीटर लावल्यास प्राणवायूचे प्रमाण सामान्य असल्याचे दिसू शकते, कारण प्राणवायूयुक्त आणि कार्बन मोनॉक्साइडयुक्त हिमोग्लोबिन यांतील फरक हे उपकरण ओळखू शकत नाही. आकड्यावर विसंबून न राहता रुग्णाला तात्काळ अधिकाधिक प्राणवायू देणे आणि रक्ताची विशेष तपासणी करणे आवश्यक असते. हे ज्ञान भूलतज्ज्ञाजवळ असतेच. पण रुग्णाला प्रथम पाहणाऱ्या परिचारिकेला आणि वैद्यकीय अधिकाऱ्यालाही ते असायला हवे.

9 ऑक्टोबर 2018 रोजी कोक ओव्हनच्या वायुवाहिनीत स्फोट होऊन अनेक कामगार होरपळले. चेहरा भाजलेला किंवा धूर छातीत गेलेला रुग्ण सुरुवातीला नीट बोलत असतो. मात्र पुढील काही तासांत घशाला सूज येऊन श्वासमार्ग बंद होऊ शकतो. त्यानंतर श्वासनलिकेत नळी घालणे अत्यंत अवघड होते. म्हणूनच ‘शस्त्रक्रिया ठरल्यावर भूलतज्ज्ञाला बोलवू’ हा दृष्टिकोन अशा रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो.

माहितीचे लहान, पण निर्णायक मुद्दे

भूलसेवेची सुरक्षितता पुष्कळदा साध्या गोष्टींवर अवलंबून असते. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी हलके अन्न किमान सहा तास, तर साधे पाणी दोन तास आधी बंद करावे, असा सर्वसाधारण नियम आहे. पोटात अन्न असल्यास ते उलटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. याउलट, विनाकारण रात्रभर पाणीही न दिल्यास बालके व वृद्ध यांना त्रास होतो. रुग्णाला दमा, हृदयविकार, मधुमेह किंवा औषधाची ॲलर्जी आहे का, कुटुंबात कोणाला भुलीचा त्रास झाला होता का, हे प्रश्न वॉर्डातच विचारले गेले पाहिजेत.

शस्त्रक्रियेनंतरचा पहिला तासही तितकाच महत्त्वाचा आहे. गुंगीतील रुग्णाची जीभ मागे पडून श्वास अडू शकतो. सिझेरियनसाठी मणक्यात दिलेल्या भुलीने रक्तदाब एकाएकी उतरू शकतो. अशा वेळी रुग्णाजवळ असते ती परिचारिका. तिला धोक्याची लक्षणे ओळखता आली आणि निःसंकोचपणे हाक मारता आली, तरच पुढील उपचार वेळेवर होतात.

तज्ज्ञांची कमतरता

1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड राज्य स्थापन झाले, तेव्हा तेथे रायपूरचे एकच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय होते. साहजिकच ग्रामीण व आदिवासी भागांत भूलतज्ज्ञ मिळणे दुरापास्त होते. प्रसूतितज्ज्ञ आहे, शस्त्रक्रियागृह आहे, पण भूल देणारे कोणी नाही, म्हणून अडलेल्या मातेला दूरच्या शहरात पाठवावे लागते. ही अडचण देशाच्या अनेक भागांत आहे. तिच्यावर उपाय म्हणून केंद्र सरकारने एम.बी.बी.एस. डॉक्टरांना जीवनरक्षक भूलकौशल्ये शिकवणारा, सुरुवातीला 18 आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. मात्र प्रशिक्षित डॉक्टरची नेमणूक योग्य ठिकाणी झाली नाही, उपकरणे व औषधे मिळाली नाहीत किंवा सहकाऱ्यांचा विश्वास लाभला नाही, तर ते कौशल्य वापराविना विरते.

भिलाईला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरा येथे खाणकामगारांच्या संघटनेने 1983 मध्ये शहीद रुग्णालय सुरू केले. तेथे कामगार कुटुंबांतील व्यक्तींनाच आरोग्य कार्यकर्ते म्हणून तयार करण्यात आले. औपचारिक पदवी नसलेली व्यक्तीही योग्य शिक्षणाने उपचारपथकाचा विश्वासार्ह घटक होऊ शकते, हे यातून दिसते. भूल देणे हे डॉक्टरचेच काम. परंतु रुग्णावर लक्ष ठेवणे हे पथकाचे काम आहे.

काय करता येईल?

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये सुरक्षित शस्त्रक्रियेसाठी तपासणी सूची प्रसिद्ध केली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण बाहेर नेण्यापूर्वी संपूर्ण पथकाने थांबून खात्री करावी, हे तिचे सूत्र आहे. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. लागते ती परस्परांचे ऐकण्याची सवय. परिचारिका व वैद्यकीय अधिकारी यांच्या नियमित प्रशिक्षणात श्वासमार्ग सांभाळणे, हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवन आणि भुलीनंतरची देखरेख यांचा समावेश व्हावा. दर काही महिन्यांनी त्यांच्या माहितीची चाचणी घ्यावी. मात्र तिचा हेतू दोष शोधण्याचा नसून उणिवा भरून काढण्याचा असावा.

2015 मध्ये जागतिक आरोग्य सभेने शस्त्रक्रिया आणि भूलसेवा यांना सार्वत्रिक आरोग्यसेवेचा घटक मानले. हा संकल्प कागदावरून रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचवायचा असेल, तर भूलतज्ज्ञांची संख्या वाढवण्याबरोबरच त्यांच्याभोवतीच्या प्रत्येक आरोग्य कर्मचाऱ्याला जाणते करावे लागेल. बेशुद्ध रुग्ण स्वतःसाठी बोलू शकत नाही. त्याच्या वतीने जागे राहणे हे सर्वांचेच कर्तव्य आहे.