सुसान्नेची हाक



उपवासकाळात मिस्सामध्ये आपण सुसान्नेची कथा ऐकतो (दानिएल, अध्याय 13). समाजातले दोन वडीलधारे, तेही न्यायाधीश, तिला बागेत एकटी गाठतात. 'आमचे ऐक, नाहीतर तुझ्यावरच आळ घेऊ,' असे धमकावतात. ती ओरडते, पण लोक विश्वास ठेवतात तो प्रतिष्ठितांवर. अखेर तरुण दानिएल दोघांना वेगवेगळे करून विचारतो, 'कोणत्या झाडाखाली?' आणि खोटे उघडे पडते.

आपल्या किशोरवयीन मुलामुलींसाठी या कथेत तीन धडे आहेत.

1. धोका बहुधा ओळखीचा असतो. केंद्र सरकारने 2007 साली 12,447 मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसला होता, आणि त्यांत मुलगे मुलींहून किंचित जास्त होते. 'मुलगा आहे, त्याला काय होणार?' हे म्हणणे सोडून द्या.

2. आज्ञाधारकपणाला मर्यादा आहे. 'मोठ्यांचे ऐका' हे आम्हीच धर्मशिक्षणात शिकवतो. पण पाप करायला सांगणाऱ्याचे ऐकणे हा सद्गुण नव्हे. 'हे आपल्या दोघांतच राहू दे' असे कोणी म्हणाले, मोबाईलवर नको तसा फोटो मागितला, की मुलांनो, लगेच घरी सांगा. पापनिवेदनाची गुप्तता धर्मगुरूवर बंधनकारक असते, तुमच्यावर नाही.

3. झगा पाहून सूट नाही. 2015 मध्ये मुंबईत 13 वर्षांच्या मुलावर झालेल्या अत्याचाराबद्दल विशेष न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये एका कॅथलिक धर्मगुरूला जन्मठेप सुनावली. हे लिहिताना आमची मान खाली जाते; पण लपवले तर आम्ही त्या न्यायाधीशांच्या बाजूचे ठरू. पोप फ्रान्सिस यांनी 2019 मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार अशी माहिती वरिष्ठांना कळवणे धर्मगुरू व धर्मभगिनींना बंधनकारक आहे. देशाचा कायदा पाळायचा तो वेगळाच.

तो कायदा म्हणजे 2012 चा पोक्सो. 18 वर्षांखालील मुलगा असो वा मुलगी, त्याचे संरक्षण सर्वांना आहे. गुन्हा कळूनही पोलिसांना न कळवणे हाही गुन्हा आहे. मुलाचा जबाब घरी घेता येतो, पोलीस गणवेशात नसतात, नाव छापता येत नाही. मुलांसाठी 1098 हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

पालकहो, मूल बोलले तर आधी म्हणा, 'सांगितलेस ते बरे केलेस. तुझी काहीच चूक नाही.' उलटतपासणी घेऊ नका. 'बदनामी होईल' म्हणून घरातल्या घरात मिटवू नका. क्षमा करणे म्हणजे गुन्हेगाराला मोकळे सोडणे नव्हे. तो मोकळा राहिला तर उद्या दुसरे मूल सापडेल.

साने गुरुजी आपल्या अमळनेरात शिक्षक होते, वसतिगृहातील मुलांची आई झाले. मनातले भीती न बाळगता सांगता येईल असे एक तरी मोठे माणूस प्रत्येक मुलाला हवे. आज रात्री रोझरीनंतर आपल्या मुलांना विचारा: 'काही झाले तर तू कोणाला सांगशील?' उत्तर आले नाही, तर ते माणूस आजपासून तुम्ही व्हा.

प्रभू येशू, ज्याने लेकरांना जवळ घेतले, तो आपल्या मुलांना सांभाळो. आमेन.

– तुमचे धर्मगुरू