मेडिक्लेम नाकारल्याचं पत्र वाचून दाखवणारा वकील

लॉला जायचं ठरवलेली काही मुलं हल्ली वेगळंच बोलतात. खुनाचे खटले लढवायची किंवा मोठ्या कंपनीत करार तपासायची त्यांना हौस नसते. घरात कुणाचं तरी आजारपण झालेलं असतं, विमा कंपनीने क्लेम नाकारलेला असतो आणि त्या वेळी आपल्या बाजूने बोलायला कुणी नव्हतं, हे त्यांनी जवळून पाहिलेलं असतं. ‘अशा लोकांना मदत करायचीय’ असं मूल म्हणालं की आईबाबांच्या पोटात गोळा येतो. फुकट मदत करून घर कसं चालणार? प्रश्न रास्त आहे. पण आधी हे काम कसं असतं ते पाहा, कारण त्यात कोर्टापेक्षा कागदांशीच जास्त गाठ पडते.

नेहमीचं एक प्रकरण घ्या. छातीत दुखतंय म्हणून वडिलांना रात्री दोन वाजता दवाखान्यात दाखल केलं. निवासी डॉक्टर जुन्या आजारांबद्दल विचारतात. घाबरलेला मुलगा सांगतो, ‘बीपी आहे, चार-पाच वर्षं झाली असतील.’ केस पेपरवर लिहिलं जातं : ‘के/सी/ओ एचटीएन, ५ वर्षे’, म्हणजे पाच वर्षांपासून उच्च रक्तदाब. पॉलिसी तीन वर्षांपूर्वीची. मग पत्र येतं, की पॉलिसी घेताना आधीचा आजार लपवला, सबब क्लेम नामंजूर. पत्र इंग्रजीत, त्यात कलमांचे आकडे. कुटुंब तिथेच हाय खातं.

जाणता मदतनीस अशा वेळी आधी तारखा मांडतो. बीपीची पहिली गोळी कधी लिहून दिली? फॅमिली डॉक्टरांची जुनी चिठ्ठी घरात सापडते का? प्रपोजल फॉर्म एजंटने भरला की स्वतः? त्यात बीपीबद्दल प्रश्न होता का, आणि उत्तरापुढे काय लिहिलंय? पहिली चिठ्ठी पॉलिसीनंतरची निघाली, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा तसा दाखला घेता येतो. ‘पाच वर्षं’ हा नातेवाइकाने घाईत सांगितलेला अंदाज होता, हे मग कागदोपत्री मांडता येतं. पॉलिसीतला अपवाद लागू होतो हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची असते, असं न्यायालयांनी वारंवार सांगितलंय. शिवाय आयआरडीएआय या विमा नियामकाच्या २०२४च्या नियमांप्रमाणे पॉलिसी सलग ६० महिने चालू असेल, तर त्यानंतर माहिती लपवल्याचं कारण देऊन क्लेम नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच नाकारता येतो. या एका नियमावर सुटू शकणारी प्रकरणंही माहितीअभावी घरात पडून राहतात, याचं फार वाईट वाटतं.

दुसरा वाद खोलीभाड्याचा. पॉलिसीत मर्यादा रोज ५,००० रुपयांची आणि खोली घेतली ८,०००ची, तर कंपनी इतर खर्चही त्याच प्रमाणात कापते. पण औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या यांच्यावर अशी कपात करता येत नाही. बिल ओळीओळीने फोडून बेरीज केली की कुठे जास्तीचं कापलंय ते दिसतं. गणित सातवीचं आहे. बिल घेऊन बसणारं माणूस मिळत नाही, एवढीच अडचण.

दाद मागायच्या जागा बऱ्याच आहेत. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करायची. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. मुंबई आणि पुण्यात लोकपालांची कार्यालयं आहेत. फी नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात, मात्र कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जावं लागतं. लोकपालांपुढे वकील उभा करता येत नाही. रुग्णाने किंवा घरच्यांनी स्वतःच बोलायचं असतं. त्यामुळे अर्ज नीट लिहून देणारा आणि ‘साहेबांनी हे विचारलं तर हा कागद दाखवा’ असं आदल्या दिवशी समजावणारा माणूस इथे फार मोलाचा ठरतो.

ग्राहक आयोगात दोन वर्षांची मुदत असते आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. एकच लक्षात ठेवायचं : प्रकरण ग्राहक आयोगात चालू असेल तर लोकपाल ते घेत नाहीत, म्हणून क्रम आधी ठरवावा. तिसरी वाट अनेक वकिलांनाही आठवत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७च्या कलम २२-अ मध्ये विमा सेवा आणि दवाखान्याची सेवा या दोन्ही लोकोपयोगी सेवा म्हणून नोंदल्या आहेत. त्यामुळे असे वाद कायमस्वरूपी लोक अदालतीत नेता येतात. कोर्ट फी नाही, आणि तडजोड झाली नाही तरी ती निकाल देऊ शकते. याच कायद्याप्रमाणे मोफत वकीलही मिळतो. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पॉलिसी आईच्या नावावर असेल आणि क्लेम तिचा असेल, तर ती स्वतः अर्ज करू शकते.

आता पोटाचा प्रश्न. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवरच्या वकिलाला प्रकरणागणिक मानधन मिळतं, पण केवळ त्यावर घर चालेल अशी आशा धरू नये. ‘पैसे मिळाले तर त्यातला हिस्सा माझा’ असंही वकिलाला ठरवता येत नाही. बार कौन्सिलचा नियम त्याच्या आड येतो. म्हणून परवडणाऱ्या अशिलांकडून ठरलेली फी घ्यावी आणि त्या जोरावर काही प्रकरणं मोफत करावीत, हाच मला टिकणारा मार्ग वाटतो. सुरुवातीची काही वर्षं टीपीएमध्ये (विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेत), विमा कंपनीच्या क्लेम विभागात किंवा दवाखान्याच्या मेडिक्लेम डेस्कवर काढली तर आणखी बरं. पगार मिळतो आणि क्लेम आतून कसा तपासला जातो ते कळतं. मुलगा ‘त्या बाजूला’ गेला म्हणून नाराज होऊ नका. उद्या रुग्णाच्या बाजूने उभं राहताना हाच अनुभव कामी येतो.

वकील न होताही या क्षेत्रात येता येतं. टीपीएमध्ये क्लेमची वैद्यकीय छाननी करणारे अनेकजण बीएएमएस, बीएचएमएस झालेले असतात. एमबीबीएस हुकलं म्हणून खचलेल्या घरांनी हे जरूर लक्षात घ्यावं. एमएसडब्ल्यू करून रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक होता येतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयांत रुग्णांना मदत करणारे आरोग्यमित्र असतात. मुंबईची इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया विम्याच्या परीक्षा घेते, त्या नोकरी करता करताही देता येतात.

लॉचा रस्ता बहुतेकांना माहीत आहे : बारावीनंतर पाच वर्षं किंवा पदवीनंतर तीन, राज्याच्या कॉलेजांसाठी सीईटी, राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट, मग सनद आणि एआयबीई परीक्षा. सनदेसाठी खुल्या गटातून ७५० रुपयांपेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं आहे. इंग्रजी कच्चं आहे म्हणून मराठी माध्यमाच्या मुलांनी मागे हटू नये. इंग्रजी पत्रातल्या मजकुराचा अर्थ रुग्णाच्या बायकोला तिच्या भाषेत समजावणं हा या कामाचा निम्मा भाग आहे, आणि तो तुम्हाला इतरांपेक्षा चांगला जमेल.

सुरुवात याच सुट्टीत करता येईल. घरातली मेडिक्लेमची पॉलिसी काढा आणि त्यातली खोलीभाड्याची मर्यादा, प्रतीक्षा कालावधी आणि अपवाद शोधून वहीत मराठीत लिहा. आईबाबांना ते समजावून सांगा. त्यांना समजलं नाही तर पुन्हा वाचा. लॉला प्रवेश मिळाला की कॉलेजच्या विधी साहाय्य केंद्रात नाव द्या आणि जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन पॅरालीगल व्हॉलंटियरच्या निवडीची चौकशी करा. कायद्याचे विद्यार्थी सनद मिळेपर्यंत हे काम करू शकतात. कार्यालय सापडलं नाही तर १५१०० या क्रमांकावर फोन करून विचारता येतं.