चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स की लेसर?

‘मुलीचे लग्न ठरावयाचे आहे, नंबर घालवून द्या,’ अशी विनंती घेऊन पालक येतात. लेसर शस्त्रक्रियेत कॉर्नियाला, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पटलाला, नवा आकार दिला जातो. तो पूर्ववत करता येत नाही. म्हणून वयाची १८ वर्षे पूर्ण, नंबर किमान वर्षभर स्थिर आणि कॉर्निया पुरेसा जाड असणे आवश्यक असते. कॉर्निया शंकूसारखा होऊ लागला असेल, तर लेसर वर्ज्यच. अशा वेळी नकार ऐकून काही पालक नाराज होतात. तो रोष आम्ही पत्करतो. चाळिशीनंतर वाचनासाठी चष्मा बहुधा लागतोच, हेही आधी सांगितलेले बरे. कॉन्टॅक्ट लेन्स नळाच्या पाण्याने कदापि धुऊ नयेत. लेसरपूर्व तपासणीसाठी त्या डॉक्टर सांगतील तितके दिवस काढून ठेवाव्यात, अन्यथा मोजमाप चुकते.