सात वाजताचा भोंगा आणि सुट्टीतला फोन

कॅडेट मित्रहो, सत्र चालू असताना तुमच्याजवळ मोबाइल नसतो. घरच्यांशी बोलायचे ते ठरलेल्या दिवशी, रांगेत उभे राहून. तेव्हा फोनला मर्यादा घालण्याचा धडा आपल्याला कशाला, असे तुम्हाला वाटेल. पण सुट्टी लागते, स्टेशनवरच वडिलांचा फोन हातात येतो, आणि दहाच्या बिगुलाला झोपणारा मुलगा आठ दिवसांत रात्री एक वाजेपर्यंत जागू लागतो. नव्या सत्राचे पहिले दोन आठवडे पीटीला जांभया कोण देतो, हे हाउस मास्टर म्हणून मी दरवर्षी पाहतो. मुलगा तोच, शिस्तही तीच. घरी फक्त बिगुल नसतो.

फोन आवरणे ही मनाच्या निग्रहाची गोष्ट आहे, असे आपण मुलांना सांगत आलो. मला ते अर्धेच खरे वाटते. आपल्या शाळेत पहाटे उठण्यासाठी रोज कोणी निग्रह करीत बसत नाही. वेळ ठरलेली असते, ती सर्वांना ऐकू येते आणि सर्वांना सारखी लागू असते. हेच एका अख्ख्या गावाने करून दाखवले आहे.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. वस्ती सुमारे तीन हजार. लोक शेती करणारे, साखर कारखान्यात कामाला जाणारे. कोविडच्या काळात शाळा मोबाइलवर भरली. पुढे शाळा उघडली, पण मुलांच्या हातातला फोन सुटेना, अभ्यास मागे पडला. सरपंच विजय मोहिते आणि ग्रामपंचायतीने १४ ऑगस्ट २०२२ रोजी निर्णय घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे स्वातंत्र्यदिनापासून, तो अमलात आला. संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि घरोघरचे टीव्ही व मोबाइल बंद होतात. साडेआठला पुन्हा भोंगा वाजतो. मधल्या दीड तासात मुले अभ्यासाला बसतात, मोठी माणसे वाचतात किंवा गप्पा मारतात. सुरुवातीला पुरुष मंडळींनी थट्टा केली. मग पंचायतीने महिलांना एकत्र बोलावले, आणि मालिकांपुढे आपलाही बराच वेळ जातो हे त्यांनी मान्य केले. वॉर्डावॉर्डात समित्या नेमल्या, त्या घरोघर फिरल्या. बेळगावजवळच्या हलगा गावानेही पुढे असाच भोंगा बसवला. आपल्याकडे त्या भागातले कॅडेट आहेत. ते सुट्टीत स्वतः जाऊन पाहू शकतात.

या प्रयोगात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो दुसरा भोंगा. साडेआठला फोन परत मिळणार, हे मुलाला आधीच ठाऊक असते. 'तो फोन ठेव आता' असे आई दिवसातून वीस वेळा म्हणते, तेव्हा तो पुन्हा कधी उचलायचा हे ती सांगत नाही. मुलगा मग लपूनछपून बघतो. शिवाय वडगावात सात वाजता बापाचा फोनही बंद होतो. पालकांनी हे वाक्य कृपया वगळू नये.

बेंगळुरूतल्या पालकांची अडचण मला माहीत आहे. वडगावात भोंगा वाजतो त्या सात वाजता न्यूयॉर्कमध्ये, तिकडच्या उन्हाळी वेळेने, सकाळचे साडेनऊ झालेले असतात. तिकडचे ऑफिस उघडते आणि इकडच्या आईबाबांची मीटिंग सुरू होते. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या कंपन्यांना, कामाच्या वेळेनंतर ईमेल व फोनपासून मोकळे राहण्याच्या हक्काविषयी कामगारांशी वाटाघाटी कराव्या लागतात. आपल्या लोकसभेत सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये 'राइट टु डिस्कनेक्ट' नावाचे खासगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. फ्रान्सचा कायदाही सर्वांसाठी एकच तास नेमून देत नाही. वेळ आपसात बसूनच ठरवायची असते.

आता कोणी विचारेल, फौजेत असा हक्क कुठला? बोलावणे आले की निघायचे. बरोबर आहे. पण फौजेत सगळे एकाच वेळी जागे नसतात. गार्ड ड्यूटीची नेहमीची पद्धत दोन तास पहारा आणि चार तास विश्रांती अशी आहे. एक संत्री जागा असतो म्हणूनच बाकीचे निर्धास्त झोपतात. आपले उलटे होते. रात्री उशाशी फोन घेऊन घरातला प्रत्येकजण पहाऱ्यावर असतो, आणि बहुधा शत्रू म्हणजे कोणाचा तरी वाढदिवसाचा केक असतो.

तेव्हा घरातही संत्री एकच ठेवा. फोनमधील 'डू नॉट डिस्टर्ब' सुरू केले की बाकी सर्व आवाज थांबतात, पण निवडक नावांचे फोन वाजू देता येतात. अँड्रॉइड फोनमध्ये, एकाच व्यक्तीचा पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आला तर तो वाजावा, अशीही सोय आहे. 'रात्री काही झाले तर?' ही आजीची काळजी त्याने मिटते. गजरासाठी साधे घड्याळ घ्या, म्हणजे फोन दुसऱ्या खोलीत राहू शकतो.

ईमेलची जात वेगळी. फोन म्हणतो आत्ता, ईमेल म्हणतो सवडीने. आपणच त्याला फोनसारखे वागवतो. '५६ एपीओ' असा पत्ता लिहिलेल्या पाकिटाचे उत्तर यायला किती दिवस लागत, हे सातारा-कोल्हापूरकडच्या आज्यांना विचारा. ते दिवस परत यावेत असे कोणी म्हणणार नाही. पण प्रवेश परीक्षेचे कॅडेटचे ईमेल दिवसातून दोनदा पाहिले तर काहीही बुडत नाही. शेवटची तारीख मात्र वहीत लिहून ठेवावी.

माझ्या सहकारी प्रशिक्षकांनाही एक विनंती. रात्री अकराला आपण पालकांच्या ग्रुपवर 'उद्या पांढरे बूट' असे टाकतो, तेव्हा शंभर घरांत फोन वाजतो. जीमेलमध्ये २०१९ पासून संदेश आत्ता लिहून सकाळी पाठवण्याची सोय आहे. तिचा उपयोग करावा. बुटांची सूचना सायंकाळी सहापूर्वी गेली तर फारच उत्तम.

कधी कधी एवढ्याने भागत नाही. झोप, जेवण, अभ्यास सारे विसकटले आणि फोन काढून घेतल्यावर मुलगा अंगावर येऊ लागला, तर त्याला आळशी म्हणून हिणवू नका. आपल्याच शहरात निम्हान्समध्ये २०१४ पासून 'शट क्लिनिक' आहे. तंत्रज्ञानाच्या अतिवापराने त्रासलेल्यांसाठीच ते काम करते. तिथे जाण्यात कमीपणा नाही.

येत्या सुट्टीआधी माझ्या हाउसमधील प्रत्येक कॅडेटबरोबर घरी एक कागद जाईल. त्यावर एकच ओळ असेल : 'आमच्या घरातील सर्वांचे फोन ____ ते ____ बंद.' वेळ सर्वांनी मिळून भरायची. खाली पहिली सही वडिलांची, दुसरी आईची, आणि तिसरी कॅडेटची.