बॅटरी शेवटी घे

रोहा

चि. निखिल यास,

पेणच्या घराच्या गच्चीवर ५ किलोवॅटचे सोलर पॅनल आणि सोबत १० युनिटांची लिथियम बॅटरी बसवायची, म्हणजे एकही युनिट वाया जाणार नाही, असा तुझा बेत कळला. वीज वाया जाऊ नये ही इच्छा चांगली आहे, पण त्यासाठी बॅटरीपासून सुरुवात करणं मला पटत नाही. वीज साठवायची म्हटली की तिचा थोडा भाग गमवावाच लागतो, म्हणून दुसरा मार्ग नसेल तिथेच साठवण करावी. आधी घरचा वापर मोज, तेवढेच पॅनल घे, कामांच्या वेळा उन्हाशी जुळव आणि त्यानंतर जी गरज उरेल तेवढ्यापुरती बॅटरी घे. हा क्रम का, ते सांगते.

सुरुवात बिलांपासून कर. मागच्या बारा महिन्यांची बिलं समोर ठेव. महिन्याला सरासरी २०० युनिटं लागत असतील, तर वर्षाची २४०० झाली. आपल्याकडचा पावसाळा धरूनही १ किलोवॅटचे पॅनल वर्षाला साधारण १३०० युनिटं देतात, म्हणजे २ किलोवॅटमध्ये तुझं घर भागतं. ५ किलोवॅटचे पॅनल साडेसहा हजार युनिटांच्या आसपास वीज करतील, आणि वरच्या चार हजार युनिटांना घरात काही काम नसेल. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा होण्याच्या सोयीत, शिल्लक युनिटं पुढच्या महिन्यात ओढली जातात, पण ३१ मार्चला वर्षाचा हिशेब मिटतो आणि उरलेल्या युनिटांना आपण भरतो त्यापेक्षा बराच कमी दर मिळतो. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदानही २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅटला ७८ हजार रुपये आहे. त्यापुढे कितीही पॅनल लावलेस तरी रक्कम वाढत नाही. विजेची स्कूटर किंवा एसी घ्यायचं नक्की असेल तर ३ किलोवॅट घे. पाचाचा आग्रह विक्रेत्याच्या सोयीचा आहे, तुझ्या नाही.

आता बॅटरी. तू म्हणशील, दुपारची वीज रात्री हवी असेल तर साठवायलाच हवी. पण नेट मीटर तेच काम करतो. दुपारी ग्रिडला दिलेलं युनिट रात्री घेतलेल्या युनिटातून वजा होतं आणि त्यात तुझी घट शून्य. तेच युनिट बॅटरीतून फिरवलंस तर चांगल्या लिथियम बॅटरीतही दहा टक्क्यांच्या आसपास जातं, लेड-अ‍ॅसिडमध्ये त्याहून बरंच जास्त. शिवाय आपला खरा प्रश्न दिवस-रात्रीचा नाहीच, ऋतूंचा आहे. एप्रिल-मेमध्ये वीज भरपूर तयार होते आणि जुलैमध्ये आभाळ दिवसेंदिवस उघडत नाही. मे महिन्याचं ऊन जुलैपर्यंत कोणतीच घरगुती बॅटरी सांभाळू शकत नाही, पण महावितरणच्या खात्यात ते युनिटांच्या रूपाने जमा राहतं. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होत असल्याने उन्हाळ्याची शिल्लक पावसाळ्यात नेमकी कामाला येते. तुला सांभाळायचे आहेत ते फेब्रुवारी-मार्च. तेव्हा खात्यात मोठी शिल्लक दिसली तर समज की पॅनल गरजेपेक्षा जास्त झालेत.

साठवणुकीचा मोठ्या मापाचा दाखला आपल्या कुंडलिका नदीच्या वरच्या अंगालाच आहे. मुळशीच्या पाण्यावर चालणारं टाटांचं भिरा वीजकेंद्र १९२७ पासून मुंबईला वीज देतं आणि तिथे १५० मेगावॅटचा उदंचन संचही आहे. मागणी कमी असताना तो पाणी वर चढवतो आणि मागणी वाढली की तेच पाणी सोडून वीज करतो. अशा संचात पाणी चढवायला जेवढी वीज लागते, तिचा पाचवा ते चौथा हिस्सा परत मिळत नाही. तरीही ते चालवतात, कारण संध्याकाळच्या टंचाईच्या वेळचं युनिट अधिक मोलाचं असतं. आणि याच मुळशीच्या धरणासाठी जमिनी बुडणार म्हणून १९२१ मध्ये सत्याग्रह उभा राहिला, सेनापती बापटांनी तुरुंगवास सोसला. साठवणुकीची किंमत कोणीतरी मोजत असतंच. तुझ्या बॅटरीच्या बाबतीत ती तू मोजशील, आणि तिचं आयुष्य सरल्यावर विल्हेवाटीचा प्रश्न उरेल तो वेगळाच.

यावर तुझा पुढचा प्रश्न असेल की ग्रिडच सगळं सांभाळत असेल, तर कामाच्या वेळा बदलायचा उपद्व्याप कशाला? बिलापुरतं पाहिलं तर आज फारसा फरक पडणार नाही, हे खरं. पण दुपारी दिलेलं युनिट शेजारच्या गणपतीच्या कारखान्यात वापरलं जातं आणि रात्री तू घेतोस ते कोराडी-चंद्रपूरसारख्या कोळशाच्या केंद्रातून शेकडो किलोमीटर वाटेत घट सोसत येतं. एकाच ट्रान्सफॉर्मरवर बरीच घरं दुपारी वीज सोडू लागली की व्होल्टेज चढतं, इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो आणि भर उन्हात पॅनल बसून राहतात. अशी गेलेली वीज कुठल्याच खात्यात जमा होत नाही. दरांचा कलही दिसतो आहे. २०२५ पासून स्मार्ट मीटरच्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत मिळू लागली. उद्या नेट मीटरिंगचे नियम बदलले, तर ज्याच्या कामांना दुपारची सवय आहे त्याचं नुकसान सर्वांत कमी होईल. दिवसा घरी कोणी नसतं ही अडचण खोटी नाही, पण पंपाला टायमर लागतो, वॉशिंग मशीनला उशिरा सुरू होण्याची सोय असते, इस्त्री आणि वाटण रविवारी दुपारी होतं. गच्चीवरची पाण्याची टाकी दुपारी भरलीस की तीच तुझी सर्वांत स्वस्त बॅटरी.

राहता राहिली वीज जाण्याची गोष्ट, आणि तिथे बॅटरी हवी हे तुझं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडात कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. साध्या ग्रिडवरच्या इन्व्हर्टरमधून अशा वेळी काहीच मिळत नाही, कारण लाइनवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवासाठी तो ग्रिडबरोबर बंदच व्हावा अशी त्याची रचना असते. म्हणून ग्रिड बंद असतानाही बॅटरीवर घर चालवणारा हायब्रिड इन्व्हर्टर घे, पण बॅटरी गरजेपुरती. प्रत्येकी ३० वॅटचे तीन बीएलडीसी पंखे, चार एलईडी दिवे आणि राउटर मिळून सुमारे १४० वॅट होतात. रात्रीच्या आठ तासांना सव्वा युनिटाच्या आत भागतं. फ्रीज धरूनही अडीच युनिटांची लिथियम फॉस्फेट बॅटरी पुरे. ती पत्र्याच्या तापत्या शेडमध्ये न ठेवता घरात हवेशीर जागी ठेव.

बॅटरीतून वाचणारे पैसे पॅनलच्या मजबूत सांगाड्यावर घाल, कारण आपल्याकडे वारा निर्दय असतो. पॅनल दक्षिणेकडे, साधारण १८-१९ अंशांच्या उतारावर लाव. नारळाच्या एका झावळीची सावली पडली तरी एका साखळीत जोडलेल्या पॅनलची वीज घटते, म्हणून जागा ठरवण्याआधी सकाळ, दुपार, संध्याकाळ सावल्या पाहा. नोव्हेंबरपासून महामार्गाची धूळ बसते. ती सकाळी लवकर, काच थंड असताना धू. आणि महिन्याला एकदा तयार झालेली, बाहेर दिलेली आणि आत घेतलेली युनिटं वहीत लिही. वर्षभराच्या त्या नोंदी पाहून बॅटरी वाढवावीशी वाटली तर खुशाल वाढव. तोवर विक्रेत्याला आगाऊ रक्कम देऊ नकोस.

तुझी आत्या