सांधेदुखी आणि युरिक आम्लाचे स्फटिक

रात्री स्वस्थ झोपलेल्या माणसाला पहाटे पायाच्या अंगठ्यातील असह्य वेदनेने जाग येते. सांधा लाल, गरम व सुजलेला असतो. पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. ‘गाऊट’ या विकाराचे हे नेहमीचे रूप होय.

आपल्या पेशींत व अन्नात ‘प्युरीन’ ही द्रव्ये असतात. त्यांच्या विघटनातून युरिक आम्ल तयार होते. त्याचा सुमारे दोनतृतीयांश भाग मूत्रपिंडांवाटे व उरलेला आतड्यांवाटे बाहेर पडतो. जमेच्या मानाने खर्च कमी पडला, की रक्तातील शिल्लक वाढते. हे प्रमाण १०० मिलिलिटरमागे सुमारे ६.८ मिलिग्रॅमच्या पुढे गेल्यास सांध्यांत सुईसारखे सूक्ष्म स्फटिक साचू शकतात. पायाची बोटे शरीराच्या इतर भागांहून थंड असल्याने तेथे ते लवकर बनतात. शरीरातील पांढऱ्या पेशी या स्फटिकांवर तुटून पडल्या, की दाह भडकतो.

मात्र अहवालातील आकडा म्हणजे निदान नव्हे. युरिक आम्ल वाढलेल्या अनेकांना गाऊट कधीच होत नाही. उलट, ऐन दुखण्यात ते प्रमाण सामान्यही आढळू शकते. सांध्यातील द्रवात ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाने स्फटिक ओळखण्याची पद्धत मॅकार्टी व हॉलंडर या अमेरिकन संशोधकांनी १९६१ मध्ये मांडली. आजही तीच सर्वांत खात्रीची तपासणी मानली जाते. सुजलेल्या सांध्याबरोबर ताप असल्यास जंतुसंसर्गाचा संभव असतो. अशा वेळी त्वरित रुग्णालय गाठावे.

आहारात मद्य, विशेषतः बिअर, तसेच मांस, काही मासे व साखरयुक्त शीतपेये यांवर संयम हवा. डाळी व पालेभाज्या सरसकट वर्ज्य करण्याचे मात्र कारण नाही. लघवी वाढविणारी काही औषधे व अल्प मात्रेतील अॅस्पिरिन यांनीही युरिक आम्ल वाढते. तथापि हृदयरोगासाठी दिलेली औषधे परस्पर बंद करू नयेत.

सर्वांत मोठी चूक घडते ती वेदना शमल्यावर. दुखणे थांबते, स्फटिक मात्र तेथेच राहतात आणि वर्षानुवर्षे सांधा झिजवतात. मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडांना अपाय करू शकतात. वारंवार झटके येणाऱ्यांना डॉक्टर अॅलोप्युरिनॉलसारखे औषध देतात. युरिक आम्ल ६ मिलिग्रॅमखाली टिकवले, तर जुने स्फटिकही हळूहळू विरघळतात. आरंभीच्या काही महिन्यांत पुन्हा झटका आला, तरी औषध न सोडता डॉक्टरांना भेटावे. साचण्यास वर्षे लागलेली ही शिल्लक फिटण्यासही धीर व नियमितपणा लागतो.