७२ तासांत परत आलेले मूल : एका आकड्याचा अभ्यास

बाह्यरुग्ण किती, शस्त्रक्रिया किती, खाटा किती दिवस भरलेल्या होत्या, हे आकडे कोणत्याही रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात असतात. एक आकडा मात्र सहसा त्यांत आढळत नाही. आपत्कालीन विभागातून, म्हणजेच कॅज्युअल्टीतून, घरी पाठविलेल्या मुलांपैकी किती मुले ७२ तासांच्या आत त्याच तक्रारीसाठी परत आली? एनएबीएच मानांकनातही अशा फेऱ्यांची नोंद अपेक्षित आहे. विश्वस्त, देणगीदार व सेवकवर्ग यांच्यासमोर या आकड्याचा अर्थ मांडावा, एवढाच या टिपणाचा हेतू आहे.

हिशेब सोपा आहे. समजा, महिन्याभरात ५०० मुले तपासून घरी पाठविली व त्यांतील २० परत आली, तर प्रमाण ४ टक्के. परंतु ताळेबंदातील तोट्याप्रमाणे हा आकडा वाचू नये. फेरतपासणीसाठी आम्हीच बोलाविलेली मुले प्रथम वेगळी काढावीत. उरलेल्यांची कारणे मुख्यतः तीन : आजार पुढे सरकला, पहिल्या वेळी निदान निसटले, अथवा घरी काय करावे हे पालकांना उमगले नाही. परत आल्यावर ज्यांना दाखल करावे लागले, त्यांचे केसपेपर सर्वप्रथम वाचावेत. प्रमाण शून्यावर आले म्हणूनही समाधान मानू नये. मूल दुसऱ्या रुग्णालयात गेले असेल, किंवा गाडीभाड्याअभावी घरीच राहिले असेल.

डेंग्यूचे उदाहरण बोलके आहे. या आजारात ताप साधारणतः तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान उतरतो. घरच्यांना हायसे वाटते. परंतु नेमक्या याच सुमारास रक्तवाहिन्यांतील द्रव बाहेर झिरपून रक्तदाब घसरण्याचा धोका असतो. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त येणे, विलक्षण सुस्ती किंवा अस्वस्थता यांपैकी काहीही दिसल्यास मुलाला तत्काळ आणावे. अशा वेळी दुसरी फेरी हीच जीव वाचविणारी ठरते.

याउलट काही फेऱ्या टाळता येण्याजोग्या असतात. जुलाबासाठी दिलेली ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात एकदम विरघळवावयाची असते. ती पेलाभर पाण्यात कालविल्यास क्षारांचे प्रमाण घातक होते. जुलाब दोन दिवसांत थांबले तरी झिंक १४ दिवस द्यावयाचे असते. पॅरासिटॅमॉलचे औषध ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम व २५० मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत मिळते. बाटली बदलली आणि माप तेच राहिले, तर मात्रा दुपटीहून अधिक किंवा निम्म्याहून कमी होते. घरातील चमचा हे तर मापच नव्हे.

म्हणून घरी सोडताना सूचना मराठीत व मोठ्या अक्षरांत लिहून द्याव्यात, आणि त्या आईकडून किंवा सोबत आलेल्या नातेवाइकाकडून पुन्हा वदवून घ्याव्यात. मूल पीत नाही, प्यालेले सर्व ओकून टाकते, झटके येतात, हाक मारूनही नीट जागे होत नाही, धाप लागते, ही लक्षणे दिसताच रात्र असली तरी थांबू नये, असे स्पष्ट सांगावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून उपलब्ध आहे, हेही सांगावे.

पैशांच्या भीतीने पालकांची पावले अडतात. उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी तातडीच्या रुग्णास अनामत रक्कम न मागता दाखल करून घ्यावयाचे आहे. ही बाब कॅज्युअल्टीच्या दारावर ठळकपणे लिहिलेली असावी.

छापील सूचनापत्रके व औषध मोजण्याचे लहान कप यांचा खर्च अल्प आहे. उपकरणांसाठी सढळ हाताने देणाऱ्या आमच्या हितचिंतकांनी या किरकोळ वाटणाऱ्या बाबींचाही अगत्याने विचार करावा, ही नम्र विनंती.